गाडीच्या टचस्क्रीनमधल्या हॅप्टिकचा खरंच उपयोग होतो का, हे तपासायचं कसं?

विचारणारा पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चाकणच्या एका सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीने त्याला प्रकल्प दिलाय. दहा इंची टचस्क्रीन, मागे छोटी मोटर, बोट टेकलं की काच बोटाला 'टक्' असा झटका देते, यालाच हॅप्टिक म्हणतात. यामुळे गाडीत स्क्रीन वापरणं सोपं होतं का, हे दाखवायचं आहे. बेत असा: वर्गातल्या बारा मित्रांना टेबलापाशी बसवायचं, आधी हॅप्टिक बंद ठेवून आणि मग चालू करून तीच कामं करून घ्यायची, वेळ मोजायचा, शेवटी एसयूएसची (वापरायला किती सोपं वाटलं याला शंभरपैकी गुण देणारी) प्रश्नावली भरून घ्यायची. एवढं पुरेल का?

नाही पुरणार. या चाचणीचा निकाल मी तुम्हाला आत्ताच सांगतो. हॅप्टिक चालू असताना कामं लवकर होतील, कारण ती दुसऱ्यांदा केलेली असतील. प्रश्नावलीत गुणही जास्त मिळतील, कारण नवी चीज हातात आली की सगळ्यांना मजा वाटते, त्यातून मित्राचा प्रकल्प. कंपनीतले लोक खूश होतील, तुम्हाला मार्क मिळतील, पण गाडी चालवणाऱ्याला त्या मोटरचा काही उपयोग आहे का, हा प्रश्न जिथल्या तिथे राहील. टेबलापाशी बसलेल्या माणसाचे डोळे मोकळे असतात. ज्याचे डोळे मोकळे आहेत त्याला हॅप्टिकची गरजच नाही.

काचेवरचं एक बटण दाबायचं म्हणजे तीन कामं असतात. बटण कुठे आहे ते शोधायचं, हलत्या गाडीत बोट नेमकं तिथवर न्यायचं, आणि दाबल्यावर ते लागलं की नाही याची खात्री करायची. एसीच्या जुन्या गोल नॉबच्या बाबतीत ही तिन्ही कामं हात करायचा, अंधारात भिंतीवरचा खटका चाचपून शोधावा तशी. सपाट काच आली आणि तिन्ही कामं डोळ्यांच्या गळ्यात पडली. तुमची मोटर त्यातलं फक्त तिसरं काम डोळ्यांकडून काढून घेऊ शकते. पहिल्या दोन कामांत तिची काही मदत नाही, कारण बोट काचेला लागेपर्यंत ती गप्पच असते. म्हणून 'हॅप्टिकने वापर सुधारतो का' असा सरसकट प्रश्न घेऊ नका. 'दाबल्यानंतरची नजर हॅप्टिकमुळे वाचते का, आणि वाचत असेल तर कोणत्या कामात' असा घ्या. सगळी आखणी त्यावर बेता.

ही दाबल्यानंतरची नजर एकदा डोळ्यांनी पाहाच. सिम्युलेटरमध्ये नजरेचा माग घेणारा चष्मा घालून कुणाला तरी बसवा आणि 'तापमान तीन अंशांनी वाढवा' असं सांगा. मग रेकॉर्डिंग एकेक फ्रेम करत पुढे न्या. डावा हात गिअरवरून उठतो. नजर स्क्रीनवर जाते, बटण सापडतं, नजर परत रस्त्यावर. हात तोवर वाटेतच. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट स्क्रीनच्या खालच्या कडेवर टेकतात, पंजा तिथे स्थिरावतो, तर्जनी काचेच्या वर तरंगत राहते. पुन्हा नजर, आणि दाब. त्यानंतर बोट अजून काचेवरच असताना आणखी एक नजर जाते, अगदी छोटी, त्या आकड्यावर: २२ चे २३ झाले का? तीनदा दाबायचं तर हे तीनदा. हॅप्टिकने खायची आहे ती ही शेवटची छोटी नजर. हॅप्टिक नीट बसलेलं असेल तर माणूस रस्त्याकडे बघत बोटानेच मोजतो, टक्, टक्, टक्, आणि हात मागे घेतो. हे रेकॉर्डिंगमध्ये दिसलं तर मोटरचे पैसे वसूल. दिसलं नाही तर प्रश्नावलीत ९० गुण मिळाले तरी उपयोग नाही.

आता याची काळी बाजू. बाणेरच्या एखाद्या गल्लीत न रंगवलेला स्पीडब्रेकर येतो, हात उडतो, बोट 'तापमान वाढवा'ऐवजी शेजारच्या 'काच तापवा'वर पडतं. मोटर तिथेही तितक्याच इमानाने टक् करते. तिला फक्त बटण दाबलं गेलं हे कळतं, तुमच्या मनात कोणतं होतं हे नाही. हॅप्टिक नसतं तर माणसाने आकडा बघितला असता आणि चूक तिथेच सापडली असती. टक् झालं म्हणून तो निर्धास्त होतो. त्यामुळे चुका किती झाल्या एवढंच मोजू नका. झालेली चूक त्याच्या लक्षात आली का, आणि किती वेळाने आली, हे वेगळं मोजा. हॅप्टिकमुळे नजर कमी झाली पण न कळलेल्या चुका वाढल्या, असाही निकाल येऊ शकतो. कंपनीला तो आवडणार नाही, पण त्यांना सगळ्यात उपयोगी पडेल तो तोच.

दुसरी अडचण आवाजाची. या मोटरी मुक्या नसतात. काच हलली की बारीक का होईना, आवाज येतोच, आणि शांत खोलीत तो स्पष्ट ऐकू येतो. मग फायदा बोटाला जाणवलेल्या झटक्याचा की कानाला ऐकू आलेल्या टकटकीचा? कंपनीसाठी हा पैशांचा प्रश्न आहे, कारण आवाज स्पीकरमधून फुकट काढता येतो. मोटर, स्क्रीन हलू देणारी लवचिक बैठक आणि तिचा कंट्रोलर या सगळ्याला खर्च आहे. म्हणून दोनच्या जागी चार स्थिती ठेवा: काहीच नाही, फक्त आवाज, फक्त हॅप्टिक, दोन्ही. स्क्रीनवर दिसणारा बदल चारही स्थितींत अगदी सारखा हवा. 'फक्त हॅप्टिक'च्या वेळी मोटरचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून गाडीच्या केबिनमधला टायरचा आणि वाऱ्याचा आवाज हेडफोनमधून सतत वाजता ठेवा, आणि तो चारही स्थितींत ठेवा. नाहीतर हेडफोन हाच नवा फरक होऊन बसतो.

चार स्थितींचा एक फायदा आहे. त्या ज्या क्रमाने लावता येतात असे क्रम २४ होतात. आणि एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये चालकाचं लक्ष विचलित होण्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत चाचणीला माणसंही २४ च सांगितली आहेत: १८ ते २४, २५ ते ३९, ४० ते ५४ आणि ५५ च्या पुढचे, प्रत्येक गटात सहा. प्रत्येकाला वेगळा क्रम दिला की 'दुसऱ्यांदा केलं म्हणून जमलं' ही शंका बऱ्यापैकी निकालात निघते. बारा मित्र आणि चोवीस माणसं यांत फरक नुसत्या संख्येचा नाही. तुमचे मित्र सगळे बाविशीचे, फोनवर जन्म गेलेले, आणि पुण्यातले म्हणजे त्यांतले निम्मे दुचाकीवाले, गाडी चालवायची ती घरच्या कार्यापुरती. वय वाढतं तशी बोटाची थरथर ओळखण्याची क्षमता कमी होते, आणि ती नेमकी त्याच वरच्या वारंवारतांना जास्त कमी होते जिथे तुमची मोटर काम करते. बावीस वर्षांच्या पोराला जो झटका ठसठशीत वाटतो, तो साठीच्या काकांना लागतच नाही. दिवसभर स्टिअरिंग धरणारे, गाडी धुणारे, टायर बदलणारे कॅबवालेही घ्या. त्यांच्या बोटांची कातडी जाड झालेली असते, आणि गाडीच्या स्क्रीनशी दिवसातला सगळ्यात जास्त संबंध त्यांचाच येतो. त्यांना बोलवाल तर त्यांच्या बुडालेल्या फेऱ्यांचे पैसे द्या. चहावर भागवू नका.

डाव्या हाताचा मुद्दा इथे कुणी फारसा काढत नाही, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. या विषयावरचं बरंचसं काम अमेरिकेत आणि युरोपच्या मुख्य भूमीवर झालंय. तिथे चालक डावीकडे बसतो, स्क्रीन त्याच्या उजव्या हाताला येते. आपल्याकडे स्क्रीन डाव्या हाताला, आणि बहुतेक लोक उजवे. म्हणजे नेम धरण्याचं काम आपण कमी सरावाच्या हाताला देतो. वर गिअर हाताने टाकायच्या गाडीत तो हात आधीच कामाला जुंपलेला. सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत पहिला, दुसरा, पहिला, न्यूट्रल अशी त्याची चाकरी चालू असते आणि स्क्रीनचं काम मधल्या फटींत होतं. बाहेरच्या अभ्यासातले आकडे उचलून 'आपल्याकडेही असंच' म्हणू नका. तुमचा सिम्युलेटर उजव्या स्टिअरिंगचा असू द्या आणि निदान अर्ध्या कामांत गिअर टाकायला लागू द्या. चाचणीला येणारा डावखुरा असेल तर तशी नोंद करा, त्याला वगळू नका.

माणसं बोलावण्याआधी स्क्रीनचीच चाचणी घ्या. बरेच प्रकल्प इथेच फसलेले असतात आणि कुणाला पत्ता नसतो. काचेवर थरथर मोजणारा एक छोटा अ‍ॅक्सेलरोमीटर चिकटवा आणि शेजारी बोटाने टॅप करा. आलेखावर आधी बोट आपटल्याचा उंचवटा दिसेल आणि त्यानंतर मोटरच्या झटक्याचा. या दोहोंतलं अंतर म्हणजे उशीर. तो ५० मिलिसेकंदांच्या आत हवा. त्यापलीकडे गेला की झटका बटणाचा वाटत नाही, स्क्रीनला कसलीतरी उचकी लागल्यासारखं वाटतं. उशीर सहसा मोटरमुळे होत नाही. टच कंट्रोलर, त्यावरचं सॉफ्टवेअर, मग गाडीच्या नेटवर्कवरून निरोप आणि मग मोटर, अशा सरकारी वाटेने हुकूम गेला की होतो. टच कंट्रोलरने मोटरला थेट चालवलं तर तो बराच कमी होतो. मग हाच प्रयोग काचेच्या कोपऱ्यांत, कडांना आणि मध्यभागी करा. मोठी काच सगळीकडे सारखी हलत नाही, बैठकीच्या स्क्रूजवळ झटका मवाळ होतो. तुमचं एसीचं बटण नेमकं त्या मेलेल्या कोपऱ्यात असलं तर चाचणीत हरेल ते बटण नव्हे, तुमचा स्क्रू. आणि मोजताना काचेवर बोट दाबून धरा, कारण मोकळी काच आणि बोटाखालची काच वेगवेगळी हलते.

वारंवारतेकडेही बघा. बोटातले जे संवेदक अशी बारीक थरथर टिपतात ते सुमारे २५० हर्ट्झला सगळ्यात तल्लख असतात. म्हणून बऱ्याच मोटरी १५० ते २५० हर्ट्झच्या आसपास चालवतात. इंजिनाचा त्रास त्यामानाने कमी. चार सिलिंडरचं इंजिन ८५० आरपीएमला उभं असेल तर त्याची मुख्य थरथर साधारण २८ हर्ट्झ, तीन सिलिंडरचं असेल तर २१. ती बोटाला कळते, पण तुमच्या झटक्यापेक्षा निराळी वाटते. खरा घोळ रस्ता घालतो. खडबडीत सिमेंटच्या रस्त्यावर टायरमधून येणारी थरथर थेट १०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात पडते आणि झटका तिच्यात बुडतो. खड्ड्यांनी, पेव्हर ब्लॉकनी बोट काचेवरून क्षणभर सुटतं, मग मोटर हवेलाच टक् करते. स्थिर सिम्युलेटरवर यातलं काहीच दिसणार नाही. तिथे हॅप्टिक जितकं ठळक वाटतं तितकं रस्त्यावर कधीच वाटत नाही. सीटखाली आणि डॅशबोर्डला हलवणारं यंत्र मिळालं तर उत्तम. ते नसेल तर निदान खऱ्या गाडीत, शेजारच्या सीटवर बसून, डोळे मिटून, वेगवेगळ्या रस्त्यांवर 'आता टक् झालं का' एवढंच विचारणारी छोटी चाचणी घ्या. त्यात चालकाला स्क्रीनला हातही लावायला नको. चाकण–तळेगाव रस्ता यासाठी पुरेसा वाईट आहे.

खऱ्या रस्त्यावर चालकाकडून स्क्रीनची कामं करून घेण्याच्या भानगडीत पडू नका. विद्यार्थ्याच्या प्रकल्पाला तो धोका पेलणारा नाही, आणि कॉलेजने परवानगी दिली तरी मी म्हणेन नको. फारच वाटलं तर बंद आवारात, कमी वेगाने, शेजारी ब्रेक असलेली ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊन, शेजारच्या सीटवर शिकवणारा माणूस बसवून करा. सिम्युलेटर कुठे मिळेल असं विचाराल तर पुण्यात याचा दुष्काळ नाही. वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ मध्ये सुरू झालेली वाहन-संशोधन संस्था आहे, आणि हिंजवडीपासून पिंपरीपर्यंत गाड्यांच्या स्क्रीनवर काम करणारी ऑफिसं आहेत. ज्यांनी प्रकल्प दिला त्यांनाच विचारा. नाहीच मिळाला तर खेळाचं स्टिअरिंग, पेडल, मोठा टीव्ही आणि जुन्या गाडीचं डॅशबोर्ड एवढ्यावरही चालतं. फक्त स्क्रीनची उंची, अंतर आणि कोन गाडीतल्यासारखा हवा. हात किती लांबवायला लागतो यावर नेम ठरतो.

आता मोजायचं काय? कामाला लागलेला वेळ हा तुमचा मुख्य आकडा नको. ज्याला बोटाने मोजता येतंय तो सावकाश, रस्त्याकडे बघत, मध्ये थांबत काम करतो. त्याचा एकूण वेळ वाढू शकतो आणि ते चांगलं लक्षण असू शकतं. मुख्य आकडा नजरेचा: रस्त्यावरून नजर किती वेळा हटली, एकेक नजर किती लांब होती, आणि सगळी मिळून किती. एनएचटीएसएच्या त्याच तत्त्वांत मर्यादा आहेत. नजरेची सरासरी लांबी दोन सेकंदांच्या आत, दोन सेकंदांहून लांब नजरा फार तर १५ टक्के आणि पूर्ण कामासाठी नजरेचे मिळून १२ सेकंद, आणि २४ पैकी २१ जणांना हे जमलं पाहिजे. दोन सेकंद हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत १०० गाड्यांवर कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासाचं २००६ मध्ये जे विश्लेषण आलं, त्यात दोन सेकंदांपेक्षा जास्त नजर हटली की अपघाताची किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताची जोखीम निदान दुप्पट होते असं दिसलं. ताशी ८० किलोमीटरला दोन सेकंद म्हणजे ४४ मीटर. अपघातांसाठी बदनाम झालेल्या नवले पुलाच्या उतारावर ४४ मीटर न बघता जाणं काय असतं, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नजरेचा माग घेणारा चष्मा भाड्यानेही परवडला नाही तर ऑक्लूजन ही पद्धत वापरा. तिचं आयएसओ १६६७३ हे मानक आहे. माणसाला असा चष्मा घालायचा जो दीड सेकंद उघडतो, दीड सेकंद मिटतो, आणि तसंच चालू राहतं. उघडा असताना स्क्रीन बघायची, मिटलेला असताना 'रस्ता बघतोय' असं धरायचं. गाडी चालवायची गरजच नाही. हॅप्टिकसाठी ही पद्धत मला विशेष आवडते, कारण मिटलेल्या दीड सेकंदात हात थांबतो की काम चालू ठेवतो हे उघड दिसतं. हॅप्टिक चांगलं असेल तर लोक मिटलेल्या वेळात दाबत राहतात, नसेल तर बोट काचेजवळ धरून वाट बघतात. असा चष्मा घरी बनवता येतो. वीज दिली की पारदर्शक होणारी फिल्म मिळते, आणि तिचा वीजपुरवठा चालू-बंद करायला रिले जोडलेला साधा आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) पुरतो.

मनावरचा ताण मोजायला डीआरटी नावाची पद्धत आहे, आयएसओ १७४८८. दर तीन ते पाच सेकंदांनी एक इशारा येतो आणि माणसाने बोटाला बांधलेलं बटण दाबायचं. उत्तर जितकं उशिरा, तितका ताण जास्त. हा इशारा दिव्याचाही असतो आणि खांद्यावरच्या थरथरीचाही. बरेच जण सोपा म्हणून थरथरीचा घेतात. तुम्ही तो घेऊ नका. तुमच्या प्रयोगात बोटाला थरथर चालू असताना खांद्याला थरथर दिली तर दोन्ही एकाच वाटेवर धडकतील आणि हॅप्टिक विनाकारण बदनाम होईल. दिव्याचा इशारा घ्या. आणि उत्तर द्यायचं बटण उजव्या हाताच्या बोटाला बांधा, स्टिअरिंगवर दाबता येईल असं. अनेक ठिकाणी ते डाव्या हाताला बांधलेलं दाखवतात, पण आपला डावा हात स्क्रीनवर असणार.

कामं निवडताना सगळी एका तराजूत घालू नका. तापमान तीन पायऱ्या वाढवणं, आवाजाची पट्टी सरकवणं, फोनचा नंबर टाकणं, लांब यादीतून नाव निवडणं, नकाशा लहान करणं, अशी पाच घ्या. तापमानात आणि आवाजाच्या पट्टीत हॅप्टिकचा फायदा सगळ्यात जास्त दिसेल असा माझा अंदाज, त्यातही पट्टीवर प्रत्येक पायरीला एक बारीक झटका आणि शेवटाला एक जाड झटका असेल तर. नंबर टाकताना थोडा. यादीत जवळजवळ नाही, कारण नाव वाचावंच लागतं आणि वाचणं बोटाने होत नाही. पाचही कामांची सरासरी काढलीत तर 'किंचित फायदा' असं गुळमुळीत उत्तर येईल आणि त्यावरून काहीच ठरवता येणार नाही. प्रत्येक कामाचा निकाल वेगळा मांडा. सूचना आधीच रेकॉर्ड करून एकाच आवाजात ऐकवा, ज्याला जी भाषा सोयीची ती.

जमलं तर स्क्रीनची दुसरी रीतही बनवून बघा: बोट नुसतं टेकवलं आणि फिरवलं तर बटणांच्या कडा झटक्याने कळतात, पण काम होतं ते जोराने दाबल्यावरच. ऑडीने २०१७ च्या ए-८ मध्ये दोन स्क्रीनना दाबल्यावर टक् करणारी सोय दिली होती, आणि दाब ओळखणं हे त्यातलं महत्त्वाचं अंग. टेकणं आणि दाबणं वेगळं केलं की वर सांगितलेल्या तीन कामांपैकी पहिलंही थोडं हाताकडे येतं, आणि स्पीडब्रेकरवर चुकून टेकलेलं बोट काही बिघडवत नाही. पण तुमच्याकडे दाब मोजणारा सेन्सर नसेल तर यात शिरू नका, सेमिस्टर त्यातच जाईल.

एक तुलना मात्र सोडू नका: खरा नॉब. एसीसाठी एक फिरवायचा नॉब डॅशबोर्डवर बसवा आणि तापमानाचं काम त्यावरही करून घ्या, चार स्थितींच्या क्रमात न घुसवता, अर्ध्यांना सुरुवातीला आणि अर्ध्यांना शेवटी. मुकी काच आणि बोलकी काच यांची तुलना केली तर बोलकी जिंकेलच, पण ग्राहकाला पडलेला प्रश्न 'बटणं काढून टाकली तर चालेल का' हा आहे. २०२२ मध्ये व्ही बिलॅगारे या स्वीडिश मासिकाने विमानतळाच्या धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटरने गाड्या चालवत चार साधी कामं करून घेतली. बटणांच्या २००५ च्या व्होल्वो व्ही-७० ला १० सेकंद लागले, सगळ्यात मागे पडलेल्या टचस्क्रीनवाल्या एमजी मार्व्हल आर ला ४४.६. गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना हाताने चाचपता येईल असं स्वतंत्र बटण किंवा दांडी असण्याला गुण ठेवले आहेत. तुमची हॅप्टिक काच नॉबच्या जवळपास पोचते की मुक्या काचेपेक्षा जराशीच वर राहते, हे कंपनीला कळू द्या.

एसयूएस घ्या, माझी हरकत नाही. १९८६ मध्ये जॉन ब्रुकने बनवलेली दहा प्रश्नांची ती यादी अजून चालते, आणि ६८ च्या आसपास गुण म्हणजे मध्यम हेही माहीत आहे. फक्त ती सगळी कामं झाल्यावर भरून घ्या आणि निकालात नजरेच्या आकड्यांशेजारी ठेवू नका. लोकांना हॅप्टिक आवडतं हे अनेक अभ्यासांत दिसलंय. नजर किती वाचते याचं उत्तर त्यामानाने डळमळीत आहे. 'आवडलं' हे विक्री विभागाच्या कामाचं आहे आणि ते खोटं नाही, पण ते सुरक्षिततेच्या पानावर छापू नका.

हिशेबाचं थोडक्यात. प्रत्येक माणसाची स्वतःशीच तुलना करा, म्हणजे त्याचा हॅप्टिकचा आकडा वजा त्याचा हॅप्टिकविना आकडा. वेळेचे आकडे एका बाजूला लांब शेपूट असलेले येतात, म्हणून त्यांचा लॉगॅरिदम घेऊन काम करा किंवा मध्यक वापरा. किती फरक पडला तर तो कामाचा मानायचा हे चाचणीआधी लिहून कंपनीकडून सही घ्या. मी म्हणेन दर कामामागे निदान एक नजर वाचली पाहिजे. आणि चोवीस माणसांच्या चोवीस रेघा एका आलेखावर काढा. सरासरीत जे लपतं, म्हणजे पंचावन्नच्या वरच्या चौघांना काहीच फायदा झाला नाही, ते त्या रेघांत चटकन दिसतं.

सुरुवात तीन-चार जणांच्या कच्च्या फेरीने करा, आणि त्यांचे आकडे निकालात धरू नका. त्या फेरीत एकच गोष्ट तपासायची आहे: नजरेचा व्हिडिओ, स्क्रीनचा लॉग आणि सिम्युलेटरची नोंद या तिघांची घड्याळं जुळतात का. सहसा जुळत नाहीत. दर कामाच्या सुरुवातीला स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पांढरा चौकोन क्षणभर चमकवा. तो व्हिडिओतही दिसतो आणि लॉगमध्येही त्याची वेळ पडते, सिम्युलेटरलाही त्याच क्षणी एक खूण पाठवा, मग तिन्ही नोंदी त्यावर बसवता येतात. दाबल्यानंतरची नजर अर्ध्या सेकंदाचीसुद्धा नसते. घड्याळात तेवढाच फरक राहिला तर ती दाबण्याआधीच्या खात्यात जाऊन बसेल आणि तुम्ही जे शोधताय तेच हरवेल. हे जुळलं की मग कॅबवाल्यांना आणि काकांना फोन लावा.